‘समजलं ना?’ हा प्रश्न मी विचारणं बंद केलं

सांगलीत आमच्या शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "लेक अमेरिकेत काय करते हो?" आई बरीच वर्षं "लहान मुलांना शिकवते" असं सांगायची. मग एकदा मी तिला फोनवर म्हटलं की आता मी सुपरवायझर झाले. आईचा आवाज जरा पडला. "म्हणजे आता शिकवत नाहीस?"

सुपरवायझर म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर दोनच माणसं येतात. एक बोर्डाच्या पेपरला वर्गात फेऱ्या मारणारा आणि दुसरा एमआयडीसीतल्या शेडमध्ये वही घेऊन उभा असलेला. दोघंही स्वतः काही करत नाहीत. समोरच्याचं कधी चुकतंय याची वाट बघत असतात.

तेव्हा मी हसून सोडून दिलं. पण खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मी जे करत होते ते या दोघांपेक्षा फार वेगळं नव्हतं.

मी न्यू जर्सीत ऑटिस्टिक मुलांसोबत काम करते. कामाचं लांबलचक नाव अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, आम्ही नुसतं एबीए म्हणतो. वागणं बारकाईनं बघून, मोजून नवी कौशल्यं शिकवायची, असं ते काम. मुलासोबत रोज दोन-तीन तास जमिनीवर बसते ती आरबीटी, म्हणजे रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन. वय १८ पूर्ण, शालेय शिक्षण झालेलं, ४० तासांचं प्रशिक्षण, प्रत्यक्ष कामाची एक तपासणी आणि एक परीक्षा, एवढ्यावर तिला हे काम करता येतं. बहुतेक जणी विशीतल्या, कॉलेज करता करता हे करणाऱ्या. तिच्या वर बीसीबीए, म्हणजे बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर अ‍ॅनालिस्ट, म्हणजे मी. मास्टर्सची पदवी, देखरेखीखाली केलेले कामाचे तास आणि मोठी परीक्षा. मुलाचा कार्यक्रम मी लिहिते, तो रोज राबवते ती. माझ्या कागदावरचं तिच्या हातांतून मुलापर्यंत पोचतं की वाटेत सांडतं, हे बघायचं काम म्हणजे सुपरव्हिजन.

नियम असा आहे की आरबीटी महिन्यात जितके तास काम करेल त्याच्या किमान ५ टक्के तास तिला सुपरव्हिजन मिळालं पाहिजे. १०० तासांमागे ५. उरलेले ९५ तास खोलीत ती, ते मूल, आणि पलीकडे टीव्ही लावून बसलेली आजी.

तर त्या पहिल्या दोन वर्षांत मी सेशनला जायचे, कोपऱ्यात बसायचे, वहीत लिहायचे आणि शेवटची दहा मिनिटं बोलायचे. काय चुकलं, काय करायला हवं होतं, का करायला हवं होतं. बोलते मी बरी, आमच्या घरात सगळेच बोलतात. बोलणं संपलं की विचारायचे, समजलं ना? समोरची मान हलवायची. मी सही करायचे. पुढच्या आठवड्यात तीच चूक, त्याच जागी.

मला वडिलांनी स्कूटर शिकवली ती शाळेच्या मैदानावर. बजाज चेतक, डाव्या हातात क्लच आणि गिअर. वडील मागे उभे. "क्लच हळू सोड." गाडीनं हिसका दिला आणि बंद. "अगं, क्लच हळू सोड!" पुन्हा बंद. तिसऱ्यांदा वाक्य तेच, फक्त आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. वाक्य मला पहिल्यांदाच कळलं होतं. हळू म्हणजे किती हळू हे डाव्या हाताला माहीत नव्हतं, आणि ते कानातून हातात उतरणारही नव्हतं. शेवटी ते मागच्या सीटवर बसले, माझ्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवून दोनदा क्लच सोडून दाखवला, मग हात काढून घेतला. गाडी सरळ निघाली, थेट गोलपोस्टकडे.

आमच्या क्षेत्रात याला बिहेवियरल स्किल्स ट्रेनिंग म्हणतात. मार्शा पार्सन्स, जीनिया रॉलिसन आणि डेनिस रीड या तिघांनी २०१२ मध्ये त्यावर एक लेख लिहिला, तो इथे बहुतेक प्रत्येक ट्रेनीच्या हातात पडतो. कौशल्य काय आणि ते का लागतं ते सांगा. त्याचं छोटं लेखी वर्णन हातात द्या. स्वतः करून दाखवा. समोरच्याला करायला लावा. करतानाच सुधारा. आणि जमेपर्यंत शेवटच्या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा करा. सगळी गोम या शेवटच्या कलमात आहे. जमेपर्यंत. वेळ संपेपर्यंत असं त्यात लिहिलेलं नाही.

मला हे पाठ होतं. परीक्षेत यावर प्रश्न आला होता आणि मी बरोबर पर्याय निवडला होता. तरी दोन वर्षं मी मैदानाच्या कडेला उभी राहून ओरडत होते.

का, याचं एक कारण जरा रुक्ष आहे, पण ते सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. इथे या सगळ्याचे पैसे बरेचदा विमा देतो. प्रत्येक प्रकारच्या कामाला एक कोड असतो आणि हिशोब १५-१५ मिनिटांच्या तुकड्यांत होतो. आरबीटी मुलासोबत बसली की ९७१५३. मी मुलाच्या समोर, कार्यक्रमात फेरबदल करत असले की ९७१५५. पण मूल घरी गेल्यावर मी आणि ती समोरासमोर बसून वीस वेळा एकच गोष्ट घोटली, तर त्याला कोड नाही. म्हणजे तो तास कुणीतरी पदरचा घालायचा. संशोधन ज्या तासाला सगळ्यांत जास्त महत्त्व देतं, नेमका तोच तास बिलात बसत नाही. मी ज्या पहिल्या कंपनीत होते तिथे असा तास मागितला की वरून गोड शब्दांत विचारणा यायची, "हे सेशनमध्येच नाही का करता येणार?" करता येतं थोडंफार. पण ज्याला क्लच शिकायचाय त्याला भर बाजारात शिकवू नये.

दुसरं कारण, मला स्वतःला कुणी तसं शिकवलं नव्हतं. मी तास भरले तेव्हा १५०० तासांचा नियम होता, त्यातले ५ टक्के, म्हणजे ७५ तास, सुपरवायझरसोबत. आता साध्या मार्गानं २००० तास लागतात. माझ्या पहिल्या सुपरवायझर बाई हुशार होत्या, त्याबद्दल वादच नाही. पण दर पंधरा दिवसांनी मी माझ्या नोंदी वाचून दाखवायचे आणि त्या लॅपटॉपवर ईमेलला उत्तरं द्यायच्या. मधूनच "गुड, गुड." एकदा मुद्दाम मी एक परिच्छेद दोनदा वाचला. "गुड." फॉर्मवर सही झाली. त्या ७५ तासांतले कितीतरी तास असे गेले, आणि सुपरव्हिजन म्हणजे हेच असं माझ्या अंगात मुरलं. माणूस जसा वाढवला जातो तसाच पुढच्याला वाढवतो, हे सासवांबद्दल म्हणतात, आमच्याबद्दलही म्हणायला हरकत नाही.

मला खडबडून जागं केलं ते एका डब्यानं.

माझ्याकडे एक ट्रेनी होती, बीसीबीएसाठी तास भरत होती. तिच्यासोबतचा मुलगा बोलत नाही, टॅब्लेटवरची चित्रं दाबून मागतो. त्याला आम्ही ‘मदत’ मागायला शिकवत होतो. आवडीची वस्तू घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात घालायची आणि डबा त्याच्या हातात द्यायचा. झाकण त्याला उघडत नाही. त्यानं टॅब्लेटवर ‘मदत’चं चित्र दाबलं की डबा तत्क्षणी उघडून द्यायचा. आधी तो असा डबा टेबलावर आपटायचा, आणि तेच आपटणं आम्हाला कमी करायचं होतं.

ट्रेनी काय करायची? मुलानं चित्र दाबलं की मान खाली. क्लिपबोर्डवर नोंद. पेन खाली ठेवायचं. मग डबा घ्यायचा. तेवढ्यात मुलगा डबा दोनदा आपटायचा, आणि मग झाकण उघडायचं. आता त्याच्या बाजूनं बघा. चित्र दाबलं, काही झालं नाही. आपटला, उघडला. आम्ही त्याला आपटायला शिकवत होतो. रोज, न चुकता, व्यवस्थित नोंदी ठेवून.

मी सहा आठवडे एकच ओळ लिहिली. "रिइन्फोर्समेंट लगेच द्या." म्हणजे मुलानं मागितलेलं, इथे उघडलेला डबा, त्याच क्षणी त्याला मिळू द्या. त्या सहाही नोंदी माझ्याकडे आहेत. तिसरीत ‘लगेच’खाली एक रेघ आहे. पाचवीत दोन. चेतकच ती.

सातव्या आठवड्यात मी मनात ठरवून टाकलं होतं की हिला हे झेपायचं नाही. वर तसं कळवायचं, एवढंच बाकी होतं. कळवण्याआधी कागदपत्रं पूर्ण असावीत, या शुद्ध कारकुनी विचारानं मी एक प्रश्नावली काढली. तिचं पूर्ण नाव परफॉर्मन्स डायग्नॉस्टिक चेकलिस्ट, ह्यूमन सर्व्हिसेस. जेम्स कार, डेव्हिड वाइल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. एखादा कर्मचारी काम नीट करत नाही तेव्हा ‘आळशी आहे’, ‘लक्ष नाही’ असं म्हणण्याआधी चार दिशांनी बघायचं. त्याला ते शिकवलंय का? नेमकं काय आणि कधी करायचं हे स्पष्ट आहे का? साहित्य, माणसं, कामाची पद्धत धड आहे का? आणि केल्यानं किंवा न केल्यानं त्याला काय मिळतं, श्रम किती पडतात, दुसरं कुठलं काम आडवं येतं?

त्यांचा पहिला अभ्यास मला विशेष आवडतो, कारण विषय अगदी घरगुती आहे. ऑटिझमच्या एका केंद्रात कर्मचारी खोल्या नीट साफ करून जात नसत. प्रश्नावलीनं जे कारण दाखवलं त्यावर उपाय केला तेव्हा खोल्या साफ राहू लागल्या. जे कारण दाखवलं नव्हतं त्यावरचा उपाय करूनही पाहिला, त्यानं फारसं काही झालं नाही. आपल्याकडे कुठल्याही ऑफिसात ‘स्वच्छता राखा’ची पाटी बघून मला हा अभ्यास आठवतो.

तर मी प्रश्नावली भरायला बसले. पहिला भाग, प्रशिक्षण. तिला काय करायचं ते सांगता येतं का? येतं, माझ्यापेक्षा छान सांगते. करून दाखवता येतं का? क्लिपबोर्ड काढून घेतला की येतं. इथे मी थांबले. क्लिपबोर्ड काढून घेतला की येतं.

तिसरा भाग, साहित्य आणि पद्धत. नोंदीची शीट बघितली. प्रत्येक प्रयत्नाला पाच रकाने. वेळ, प्रॉम्प्टची (मुलाला दिलेल्या इशाऱ्याची) पातळी, प्रतिसाद, आपटणं झालं का, शेरा. ही शीट कुणी केली? मीच. एका रविवारी, एक्सेलमध्ये, मोठ्या कौतुकानं रंगबिंग देऊन.

चौथा भाग, परिणाम. नोंद राहिली तर काय होतं? त्याच रात्री ऑफिसातून ईमेल येतो. डबा उशिरा उघडला तर काय होतं? काहीच नाही, कुणाला कळतही नाही. म्हणजे पोरगी अगदी चोख वागत होती. ज्याचा जाब विचारला जातो ते आधी, ज्याचा विचारला जात नाही ते नंतर. वागण्यानंतर काय घडतं त्यावर ते वागणं टिकतं, हा आमच्या शास्त्राचा पाया. तो मी त्या मुलाला लावत होते आणि तिला लावायला सहा आठवडे विसरले होते.

शीट बदलली. प्रत्येक प्रयत्नाला एकच खूण, बाकीचं सेशनच्या शेवटी. मांडीवर पँटवर मास्किंग टेपची पट्टी, डबा उघडून दिल्यावर त्यावर पेनानं टिचकीएवढी रेघ. मग मूल घरी गेल्यावर आम्ही घोटलं. मूल मी. ट्रेनी आधी पोट धरून हसली, कारण मी डबा फारच मनापासून आपटला. पण वीसेक वेळा केलं. आधी मोबाईलच्या स्टॉपवॉचवर चार-पाच सेकंद लागत होते, चित्र दाबल्यापासून झाकण उघडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सेशनमध्ये एकाच्या आत. पुढच्या काही आठवड्यांत मुलाचं आपटणं उतरत गेलं. आलेख मी अजून जपून ठेवलाय.

मी तिला म्हटलं, शीट माझी चुकली होती. ती म्हणाली, "हो, मला पहिल्या आठवड्यातच वाटलं होतं. पण मला वाटलं तुम्हाला तशीच हवी असेल."

हे मला डब्यापेक्षा जास्त लागलं. तिला माहीत होतं. आणि मी दर आठवड्याला "समजलं ना?" विचारत होते, ज्याचं उत्तर एकच असू शकतं. जिच्या सहीवर आपले तास, आपलं सर्टिफिकेट अवलंबून आहे तिला कोण सांगणार की बाई, तुमचीच शीट वाईट आहे?

टायरा सेलर्स, अँबर व्हॅलेंटिनो आणि लिंडा लब्लांक यांचा २०१६ चा लेख सुपरव्हिजनवरच आहे. त्यात नातं कसं उभं करायचं, अपेक्षा सुरुवातीलाच लेखी कशा ठरवायच्या, क्षमता कशी तपासायची हे सगळं आहे. पण त्यातला जो मुद्दा मी वर्षानुवर्षं वाचून सोडून दिला होता तो असा की सुपरव्हिजनचा परिणाम झाला की नाही, हेही मोजायचं. ट्रेनीचं मोजतो तसं आपलंही. तसं बघितलं तर ही कल्पना जुनीच. आमच्याच क्षेत्रातल्या मॉन्ट्रोझ वुल्फनं १९७८ मध्ये म्हटलं होतं की ज्यांच्यासाठी काम करतो त्यांना ध्येय, पद्धत आणि परिणाम पटतात का, हे त्यांनाच विचारा. आम्ही ते पालकांना विचारतो. खाली काम करणाऱ्यांना विचारायचं राहून जातं.

मी आधी निनावी फॉर्म काढला. निव्वळ मूर्खपणा, ट्रेनी तीनच होत्या, कुणाची भाषा कुठली ते लगेच कळायचं. तिघींनीही सगळीकडे पाचपैकी पाच दिले. मग मी प्रश्न बदलला. "या आठवड्यात माझी कोणती एक गोष्ट तुझ्या कामात आडवी आली?" आली का, असं विचारत नाही. कोणती, असं विचारते. पहिल्या वेळी तिघी गप्प. मग मीच शीटची गोष्ट सांगितली. त्यावर एकीनं हळूच सांगितलं की मी सेशन चालू असताना मागून पेनाची टिकटिक करते, आणि मूल मागे वळून बघतं. मला पत्ताच नव्हता. आता बिनटिकटिकीचं पेन आहे.

फीडबॅकबद्दलही थोडं. सँडविचची रीत तुम्हाला माहीत असेलच: आधी कौतुक, मध्ये चूक, वर पुन्हा कौतुक. मॅनेजमेंटच्या प्रत्येक वर्गात शिकवतात. एमी हेन्ली आणि फ्लॉरेन्स डिजेनारो रीड यांनी २०१५ मध्ये हे क्रम खरंच ताडून पाहिले. सँडविच काही सरस ठरलं नाही. सुधारणा आधी आणि कौतुक नंतर, हा क्रम एकंदरीत जास्त चालला. मला याचं अजिबात नवल वाटलं नाही. सँडविच खाणाऱ्याला दोन दिवसांत कळतं की पहिला घास ब्रेडचाच असणार, आणि मग माझ्या तोंडून "छान" निघालं की समोरचीचे खांदे आखडतात. आता मी सरळ सुरुवात करते. हे असं कर, मग करायला लावते, जमलं की नेमकं काय जमलं ते सांगते. कौतुक खोटं नसेल तर त्याला वेष्टन लागत नाही.

आणि एक, बघण्याबद्दल. आरबीटी कुणीही असो, मी खोलीत शिरले की तिची पाठ ताठ होते. ब्रॅकेट, रीड आणि ग्रीन यांनी २००७ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं, की कुणी उघड बघत असतानाचं काम आणि बघणारा लक्षात येत नसतानाचं काम यांत फरक पडतो. म्हणजे माझे ते ५ तास म्हणजे पाहुणे आले असतानाचं घर. उरलेल्या ९५ तासांतलं घर मला दिसतच नाही. यावर माझ्याकडे रामबाण काही नाही. पालकांची आणि तिची आधी परवानगी घेऊन अधूनमधून व्हिडिओ बघते, वेळ न सांगता जाते, आणि मुख्य म्हणजे मुलाच्या आलेखावर जास्त विश्वास ठेवते. मूल पाहुण्यांसाठी वेगळं वागत नाही.

एबीएवर रागावलेले लोक आहेत, आणि त्यांचा राग निराधार नाही. या कामाच्या सुरुवातीच्या काळात ओले इव्हार लोवास यांच्यासारख्यांनी शिक्षा वापरल्या, विजेचे झटकेसुद्धा. १९८७ च्या त्यांच्या गाजलेल्या अभ्यासात आठवड्याला ४० तासांचं काम होतं, १९ पैकी ९ मुलं पुढे इतर मुलांसारखी शाळेत गेली, आणि तेवढा एकच आकडा घेऊन पालकांना वर्षानुवर्षं स्वप्नं विकली गेली. आज मोठे झालेले ऑटिस्टिक लोक सांगतात की आम्हाला काय वाटतंय ते कुणी विचारलंच नाही. म्हणून माझ्या निरीक्षणाच्या कागदावर सगळ्यांत वर मुलाचा रकाना आहे. त्यानं ‘नको’ कसं सांगितलं आणि ते ऐकलं गेलं का? मान वळवली, हात ढकलला, टेबलाखाली गेला, यातलं काहीही. ट्रेनीचं तंत्र शंभर टक्के बरोबर आणि मूल टेबलाखाली, असं असेल तर त्या दिवशी तंत्राचे गुण मी देत नाही. यावर सहकाऱ्यांशी माझे वाद होतात. होऊ देत.

आता पुण्याचं.

दर दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेसातला माझा एक व्हिडिओ कॉल असतो. तिकडे संध्याकाळ. पुण्यात एका केंद्रात काम करणारी थेरपिस्ट, ओळखीतून ओळख निघाली. बीसीबीए देणाऱ्या अमेरिकन मंडळानं २०२३ पासून मोजके देश सोडून बाकीच्यांचे नवे अर्ज घेणं बंद केलं, त्यामुळे तिच्यासारख्यांचा तो रस्ता बंद झाला. दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची सर्टिफिकेटं आहेत, ती त्यातल्या एकीसाठी अभ्यास करते. मी तिची अधिकृत कुणी नाही. पैसे नाहीत, सही नाही, कोड नाही. ९७१५५ वाल्यांच्या जगात हा माझा चैनीचा तास.

पहिल्या कॉलला तिनं मला मॅडम म्हटलं. मी म्हटलं, मॅडम नको. नावानं हाक मारायला तिची जीभ वळेना, मग ताई झाले. आणि मग सुरू झालं, "हो ताई." काहीही सांगा, हो ताई. न्यू जर्सीतल्या पोरी निदान भुवया तरी उंचावतात. इथे आदराचा एवढा जाड थर की खाली काय आहे दिसायलाच तयार नाही. मी सवयीनं "समजलं ना?" म्हणून गेले. "हो ताई, समजलं."

आम्ही टाइम डिले करत होतो. मुलासमोर पाण्याचा ग्लास धरायचा, तीन सेकंद थांबायचं. त्यानं स्वतःहून ‘पाणी’ म्हटलं तर लगेच द्यायचं. नाहीच म्हटलं तर आपण ‘पाणी’ म्हणायचं, त्यानं मागोमाग म्हटलं की द्यायचं. ते तीन सेकंद म्हणजे त्याची संधी. ती हिसकावली तर मूल कायम आपल्या तोंडाकडे बघत बसतं. तिनं हे सगळं मला इतकं नीट समजावून सांगितलं की मीच वही काढली.

मग म्हटलं, दाखव. केंद्रातल्या मुलाचा व्हिडिओ मागायचा प्रश्नच नव्हता, म्हणून तिची धाकटी बहीण मूल झाली. ग्लास समोर आला आणि त्याच क्षणी ही म्हणाली, "पाणी." पुन्हा. पुन्हा तेच. "तीन सेकंद झाले की ताई!" मी रेकॉर्डिंग लावून दाखवलं. एकसुद्धा झाला नव्हता. ती बघतच राहिली. मूल टक लावून बघतंय आणि आपण गप्प, हे तीन सेकंद फार मोठे असतात. आपल्याकडे तर तहानलेल्या लेकरासमोर ग्लास धरून थांबणं हातालाच पटत नाही. मनात आकडे मोजून बघितलं, तर घाईत एक-दोन-तीन पटकन संपायचे. तिनंच मग उपाय काढला. म्हणाली, "ताई, मी मनात सावकाश तीनदा विठ्ठल म्हणते." घड्याळ लावून बघितलं. विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल. बरोबर तीन सेकंद. पार्सन्स, रॉलिसन आणि रीड यांच्या लेखात हे नाही, पण बसलं.

दोन शनिवारांपूर्वी तिनं विचारलं, "ताई, तुम्ही एकदा करून दाखवाल का?" आवाज एकदम बारीक. मी म्हटलं, अगं का नाही. खरं तर हे मी तिसऱ्या पायरीलाच करायला हवं होतं, तेही राहून गेलं होतं. नवरा चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून चालला होता, त्याला पकडून समोर बसवलं. तू मूल. त्याला मूल व्हायला फारसे कष्ट पडत नाहीत. हातात पार्लेजीचं बिस्किट धरलं, कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं, नवऱ्यानं बिस्किटाकडे आशाळभूत बघितलं, मी थांबले, आणि म्हटलं, "बिस्किट." त्यानं बिस्किट म्हटलं. मी दिलं. झालं.

पुण्याहून काही आवाज नाही. मला वाटलं नेट गेलं.

"ताई, एक सांगू का?"

"सांग ना."

"दोनच विठ्ठल झाले."

नवऱ्यानं तोवर बिस्किट चहात बुडवून संपवलं होतं. मी पुड्यातलं दुसरं काढलं.